हायड्रॉलिक ऑइल आणि यूटीटीओ: ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमध्ये नक्की काय ओतायचं?

ट्रॅक्टरच्या मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टचं तेल बदलायची वेळ आली की दोन कॅन समोर येतात. एकावर ‘हायड्रॉलिक ऑइल ६८’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘यूटीटीओ’, म्हणजे युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल. दोन्ही पंपाला चालतील असं वाटतं, आणि पंपापुरतं ते बरंचसं खरंही आहे. घोटाळा पंपाच्या पलीकडे होतो.

बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकला वेगळी टाकीच नसते. मागच्या हाउसिंगमधलं एकच तेल लिफ्ट उचलतं, गिअर आणि डिफरन्शियलला वंगण पुरवतं. ऑइल ब्रेक असतील तर ब्रेकच्या प्लेटाही त्याच तेलात बुडालेल्या असतात. साधं हायड्रॉलिक ऑइल दाब पोचवण्यासाठी आणि पंपाची झीज रोखण्यासाठी बनतं. गिअरच्या दातांवर येणारा भार त्याच्या हिशेबात नसतो, ब्रेक तर नाहीच नाही.

यूटीटीओचं खरं वेगळेपण ब्रेकमध्येच कळतं. ब्रेक दाबला की प्लेटा एकमेकींवर घसरत थांबतात. अगदी थांबता थांबता घर्षण एकदम वाढलं, तर त्या चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. चालकाला ते थरथर आणि करकर म्हणून जाणवतं. हे शेवटचं घर्षण काबूत ठेवायला यूटीटीओमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घातलेला असतो. (एके काळी त्यासाठी चक्क स्पर्म व्हेलचं तेल वापरत, अमेरिकेत १९७० च्या दशकात ते बंद झालं आणि त्याला रासायनिक पर्याय शोधावे लागले.) पण या मॉडिफायरचं प्रमाण नेमकं लागतं. जास्त झाला तर ब्रेक कमी लागतात, पीटीओचा (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा) क्लच घसरतो.

म्हणूनच ‘ब्रेक आवाज करतो, एक बाटली अ‍ॅडिटिव्ह टाक’ हा सल्ला मला पटत नाही. चांगल्या तेलात ते मिश्रण आधीच तोलून बसवलेलं असतं. बाटली ओतून आपण तो तोल बिघडवतो. फेस होत असेल तर आधी तेलाची पातळी आणि पंपाच्या सक्शन बाजूचे जोड पाहा. तिथून हवा ओढली जात असेल तर फेस मारणारं औषध काय करणार? उलट ते जास्त झालं की तेलात अडकलेली हवा सुटायला वेळ लागतो. तेल दुधाळ झालं तर त्यात पाणी शिरलंय, ते काढून टाकायचं. गळती थांबवणारी औषधं सील फुगवतात. चार दिवस बरं वाटतं, मग सील मऊ पडतं.

आकड्यांचाही गोंधळ असतो. हायड्रॉलिक ऑइलवरचे ४६ किंवा ६८ हे ४० अंश सेल्सिअसला मोजलेल्या घट्टपणाचे आकडे. गिअर ऑइलची ‘८०डब्ल्यू’ आणि इंजिन ऑइलची ‘१०डब्ल्यू-३०’ या मोजपट्ट्याच वेगळ्या. त्यामुळे ८० म्हणजे ३० पेक्षा कितीतरी जाड असं नसतं. प्रत्यक्षात ही दोन तेलं घट्टपणात बरीच जवळ असतात. आकडा जुळला म्हणून तेल जुळलं असं धरू नका. मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशन कॅनच्या मागच्या बाजूला शोधा, समोरच्या मोठ्या अक्षरांत नको. जीएल-५ (जास्त भाराच्या गिअरसाठीचा दर्जा) गिअर ऑइल ‘जास्त दमदार’ म्हणून ओतणारेही आहेत. त्यातली काही तेलं पितळी भागांना खातात, आणि ऑइल ब्रेकला लागणारा फ्रिक्शन मॉडिफायर त्यांत गृहीत धरता येत नाही.

मग साधं हायड्रॉलिक ऑइल कुठे? लोडरला स्वतःची वेगळी टाकी आणि पंप असेल आणि मॅन्युअलही तेच सांगत असेल, तर तिथे. त्या तेलाला गिअर-ब्रेकचा स्पर्शही होत नाही.

आणि चुकून सामायिक हाउसिंगमध्ये ते ओतलं गेलंच असेल, तर वरून यूटीटीओ टाकून भागत नाही. ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट असतानाच सगळं काढा, फिल्टर बदला, मगच नवं भरा. ब्रेकच्या प्लेटांच्या अस्तरात मुरलेलं तेल एका बदलीत निघत नाही, म्हणून करकर राहिली तर पुढची बदली थोडी लवकर करावी लागते.