इगादची सुदानमधील मध्यस्थी

सुदान सरकार आणि दक्षिणेतील बंडखोर यांच्यातील युद्ध मिटवण्यासाठी पूर्व आफ्रिकी देशांच्या ‘इगाद’ या संघटनेने १९९३ पासून केलेली मध्यस्थी. तिची परिणती ९ जानेवारी २००५ रोजी नैरोबीत झालेल्या सर्वंकष शांतता करारात झाली. गंमत म्हणजे ही संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली ती दुष्काळनिवारणासाठी.

मध्यस्थ तटस्थ हवा, हा समज येथे टिकत नाही. इगादचा सदस्य असलेला युगांडा दक्षिणेतील बंडखोरांना मदत करी, तर खार्टूम, म्हणजे सुदान सरकार, युगांडातील बंडखोरांना पोसत असे. इथिओपिया आणि इरिट्रिया यांचेही सुदानशी बिनसले होते. पण निर्वासितांचे लोंढे आणि बंदुका याच देशांच्या सीमा ओलांडत असल्याने युद्ध थांबण्याची निकडही त्यांनाच होती. दक्षिणेचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारी इगादची १९९४ची तत्त्वे खार्टूमने आधी धुडकावली. ती मान्य व्हायला १९९७ उजाडले.

२००१ मध्ये केनियाचे अध्यक्ष मोई यांनी जनरल लाझारो सुम्बेयवो यांना मध्यस्थ नेमले. २० जुलै २००२ रोजी केनियातील माचाकोस येथे मूळ सौदा ठरला : उत्तरेत शरिया राहील, दक्षिणेला सहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतर सार्वमत मिळेल. सप्टेंबरमध्ये बंडखोरांनी तोरित शहर घेताच सरकारी शिष्टमंडळ उठून गेले, पण ऑक्टोबरमध्ये परतले. २००३ मध्ये नैवाशा सरोवराकाठी सुदानचे उपाध्यक्ष अली उस्मान ताहा आणि बंडखोरांचे नेते जॉन गरांग समोरासमोर बसले, तेव्हा मध्यस्थ बाजूला राहिले. सुम्बेयवो यांचे खरे कसब बहुधा यातच होते. पुढे दक्षिणेतील तेलाचे निव्वळ उत्पन्न जवळपास निम्मे-निम्मे वाटायचे ठरले. अमेरिका, ब्रिटन आणि नॉर्वे यांचा दबाव पाठीशी होताच. मात्र त्याच सुमारास पेटलेले पश्चिम सुदानमधील दारफुर या वाटाघाटींबाहेर राहिले.

२०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तेथेच यादवी भडकली. इगादने पुन्हा मध्यस्थ नेमले, सुम्बेयवो त्यांतही होते. पण युगांडाचे सैन्य अध्यक्ष साल्वा कीर यांच्या बाजूने लढत असल्याने विरोधकांचा विश्वास बसेना. २०१८ चा समझोता घडवण्यात पुढाकार होता तो सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर यांचा, म्हणजे आधीच्या युद्धातील एका पक्षाचाच. १२ सप्टेंबर रोजी आदिस अबाबात त्यावर सह्या झाल्या. पुढच्या एप्रिलमध्ये बशीर स्वतःच पदच्युत झाले.