हार्ड-पेस्ट पोर्सलिन

केओलीन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार (एक खनिज) असलेला दगड (चिनी नाव पेटुन्त्से) यांचं मिश्रण साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजलं की जे पांढरंशुभ्र, टणक, उजेडासमोर धरलं तर पलीकडच्या बोटांची सावली दिसेल असं भांडं होतं ते हार्ड-पेस्ट पोर्सलिन. आपण सरसकट सगळ्यालाच चिनी माती म्हणतो, पण लोणच्याची बरणी यात मोडत नाही, ती स्टोनवेअर, तिच्यातून उजेड जात नाही. सॉफ्ट-पेस्ट वेगळं, त्यात काचेची पूड घालून काम भागवायचे (फ्लोरेन्सला मेदिचींकडे १५७५ च्या सुमारास), टवका उडाला की आतून साखरेसारखं दाणेदार दिसतं, हार्ड-पेस्टचा टवका मात्र काचेसारखा गुळगुळीत.

चीनमधली सुरुवात बहुधा तांग काळातली, पण पोर्सलिन कशाला म्हणायचं यावर ती तारीख शतकं मागेपुढे सरकते.

युरोपात शोध नक्की कोणाचा यावर भांडण जुनंच आहे. सॅक्सनीचा इलेक्टर (तिथला राज्यकर्ता) ऑगस्टस द स्ट्राँग याने सोनं बनवून दे म्हणून ब्योटगर नावाच्या पोरसवदा किमयागाराला ड्रेस्डेनमध्ये डांबून ठेवलं, त्याच्यावर देखरेखीला चिर्नहाउस हा शास्त्रज्ञ, जो आधीपासूनच मोठाल्या भिंगांनी ऊन एकवटून माती-दगड वितळवून बघत होता. त्यांच्या प्रयोगांच्या १५ जानेवारी १७०८ च्या टिपणात माती आणि अलाबास्टर (मऊ पांढरा दगड) वेगवेगळ्या प्रमाणात भाजल्याच्या नोंदी आहेत, काही नमुन्यांपुढे लॅटिनमध्ये पांढरं आणि पारदर्शक असा शेरा. त्याच ऑक्टोबरात चिर्नहाउस वारला, आणि मार्च १७०९ मध्ये ब्योटगरने पोर्सलिन जमलं असं ऑगस्टसला कळवलं, त्यामुळे नाव त्याचंच झालं. पण टिपणाची तारीख बघता चिर्नहाउसला नुसता मदतनीस ठरवणं पटत नाही, दोघांचं मिळून म्हणणंच बरं. (विगला लावायच्या पावडरीतून केओलीन सापडल्याची गोष्ट मजेशीर आहे, पण दंतकथाच वाटते.)

कारखाना १७१० साली निघाला आणि त्याच वर्षी मायसेनच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात गेला, कृती बाहेर फुटू नये म्हणून. आधी कोल्डिट्झची माती, मग आउएच्या खाणीतली, अलाबास्टरच्या जागी फेल्डस्पार नंतर आलं. एवढं करूनही गुपित टिकलं नाहीच, १७१९ मध्ये कारागीर श्ट्योल्त्सेल पळून व्हिएन्नात द्यु पाकिएच्या कारखान्यात गेला आणि पुढच्याच वर्षी परतताना चित्रकार हेरोल्टला सोबत घेऊन आला.

फ्रान्सला लिमोजजवळ सँ-तिरिए इथे केओलीन १७६८ च्या सुमारास सापडलं. इंग्लंडात कुकवर्दीने कॉर्नवॉलच्या मातीवर १७६८ ला पेटंट घेतलं, पण तिकडे पुढे चलती झाली ती हाडांची राख घातलेल्या बोन चायनाची.