प्रेमाचा महाल आणि त्याची पाच दारं

बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या गढ्यांतून जी प्रेमगीतं गायली जात, त्यांची भाषा फ्रेंच नव्हे, ऑक्सितान होती. ज्याच्या रचना आज हाती आहेत असा तिचा पहिला कवी म्हणजे आक्वितेनचा ड्यूक नववा गिल्येम (१०७१–११२६). खुद्द फ्रान्सच्या राजापेक्षा जास्त मुलूख बाळगणारा हा माणूस काही गीतांत एका स्त्रीचा ताबेदार होऊन उभा राहतो. (बाकीची गीतं बरीच चावट आहेत, हेही सांगायला हवं.)

मांडलिकाने धन्याला वाहायची निष्ठा त्रुबादूरांनी, म्हणजे ऑक्सितानमधल्या या कवी-गायकांनी, अशी स्त्रीच्या पायी वाहिली. ती बहुधा दुसऱ्याची बायको, तीही मोठ्या घरची. नाव उघड घेण्याची सोय नसल्याने 'सेन्याल' म्हणजे सांकेतिक नाव वापरत. जिवंत बाई अशी पडद्याआड गेली की गाण्यात जागा रिकामी होते, आणि ती भरायला 'प्रेम', 'दया', 'तारुण्य' हे गुणच पात्रं होऊन येतात. बाराव्या शतकातल्याच मार्काब्रू या त्रुबादूराच्या कवितेत ते फार आधीपासून दिसतात. स्त्रिया लिहितात तेव्हा हा पडदा बराच विरतो. दियाची काउंटेस प्रियकराला सरळ जाब विचारते.

गुणांना पात्रं करणाऱ्या या रूपकांचं एक ठरीव कारण सांगितलं जातं. १२०९ साली पोपच्या आदेशाने चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार पंथाविरुद्ध दक्षिण फ्रान्समध्ये धर्मयुद्ध सुरू झालं, बेझिए शहरात कत्तल झाली, १२२९च्या तहाने तुलूझच्या सरदारांचं बळ मोडलं आणि पाठोपाठ इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणारं चर्चचं न्यायासन, आलं. घाबरलेल्या कवींनी मग प्रेम रूपकात दडवलं, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. आश्रयदाते गेले, कवी स्पेन-इटलीकडे पांगले, हे खरंच. पण गिराउत दे कालान्सो या त्रुबादूराचं प्रसिद्ध रूपकगीत या उलथापालथीचे परिणाम पुरते दिसण्याआधीचं, तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं आहे. त्यात प्रेम ही एक राज्ञी आहे. तिच्या महालाला पाच दारं, चार पायऱ्या. आणि कवी बजावतो की हे प्रेमाच्या तीन भागांपैकी सर्वांत धाकट्या भागाचं वर्णन आहे.

बदललं ते ऐकणाऱ्यांचं गाण्याशी असलेलं नातं. १२८० साली गिराउत रिक्येर या नंतरच्या त्रुबादूराने याच गीतावर पद्यात भाष्य लिहिलं, दारांचे आणि पायऱ्यांचे अर्थ एकेक करून उलगडले. रोदेझच्या काउंटने हे गीत अर्थ लावण्यासाठी कवींपुढे ठेवलं होतं, आणि रिक्येरने लावलेला अर्थ त्याला सर्वांत सरस वाटला. दोन-तीन पिढ्यांपूर्वीचं गाणं आता टीकेचा ग्रंथविषय झालं होतं.

पुढचं पाऊल त्याच बेझिएमध्ये पडलं. मात्फ्रे एर्मेंगाउने १२८८मध्ये 'ब्रेव्हिआरी दामोर' लिहायला घेतला: सुमारे ३४,००० ओळींचा, 'प्रेमवृक्षा'भोवती रचलेला ज्ञानकोश. ईश्वरप्रेम, अपत्यप्रेम, स्त्री-पुरुषांचं प्रेम, सगळं एकाच झाडावर. शेवटच्या भागात तो त्रुबादूरांच्या ओळी साक्षीदारांसारख्या उभ्या करतो. जुन्या कवींना धर्मचौकटीत बसवण्याची ही खटपट मला धूर्त वाटते आणि थोडी केविलवाणीही.

१३२३ साली तुलूझच्या सात नागरिकांनी काव्यमंडळ स्थापलं. पुढच्या वर्षी स्पर्धेतलं सोन्याचं व्हायोलेट फूल आर्नाउत विदालला मिळालं, ते कुमारी मेरीच्या स्तुतिगीतासाठी.