हळू उडालं की ड्रॅग कमी? अर्धंच खरं

'वेग कमी केला की हवेचा विरोध (ड्रॅग) कमी होतो' हा समज बाइकवर खरा ठरतो, म्हणून आपण तो विमानालाही लावतो. तिथे मात्र तो अर्धाच खरा आहे. बाइकला हवेत तरंगायचं नसतं!

पंखावर दोन प्रकारचा ड्रॅग असतो. पहिला, घर्षणाचा आणि आकाराचा ड्रॅग, वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, ड्रॅग चौपट. दुसरा इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे लिफ्टची (विमान वर उचलून धरणाऱ्या बलाची) किंमत. सरळ उड्डाणात वेग निम्मा केला, तर तो चौपट होतो. कारण वजन तेवढंच असतं. ते हळू वेगात पेलायला पंखाचं नाक वर करावं लागतं आणि टोकांशी हवेचे भोवरे जोरदार होतात. पावसाळ्यात मुंबईला उतरताना खिडकीतून बघा, फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्टीच्या) कडेवरून कधीकधी पांढरी दोरी सुटलेली दिसते. तो भोवराच.

हे दोन्ही ड्रॅग जिथे जवळपास सारखे होतात, त्या वेगाला एकूण ड्रॅग सर्वांत कमी. त्याखाली वेग आणखी उतरला, तर उंची टिकवायला पायलटला थ्रस्ट (इंजिनचा जोर) वाढवावा लागतो.