उतरताना ‘वर चढा’ असा हुकूम आला तर

दोन विमानं आकाशात जवळ आल्याची बातमी छापून आली की तिच्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘दैव बलवत्तर म्हणून प्रवासी बचावले.’ ती वाचून आपल्याकडे बेळगावात जी चर्चा होते तीही ठरलेली. कुणी म्हणतं, पायलटला समोरचं विमान दिसलं आणि त्याने झटकन बाजूला घेतलं. कुणी म्हणतं, टॉवरवाल्यांनी ऐन वेळी सांगितलं म्हणून निभावलं. प्रत्यक्षात अशा वेळी विमान बाजूला वळवत नाहीत, टॉवरच्या सांगण्याची वाट पाहत नाहीत, आणि बऱ्याचदा दुसरं विमान डोळ्यांना दिसलेलंही नसतं. काम करते ती टीकॅस नावाची, विमानातच बसवलेली टक्कर टाळणारी यंत्रणा, आणि तिचं ऐकणारा वैमानिक.

टीकॅस जमिनीवरच्या रडारवर विसंबून नसते. ती आसपासच्या विमानांना १०३० मेगाहर्ट्झवर हाक देते. त्या विमानांतला ट्रान्सपाँडर, म्हणजे हाकेला आपोआप उत्तर देणारं यंत्र, १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो आणि उत्तरात स्वतःची उंची कळवतो. हाक आणि उत्तर यांच्यात गेलेल्या वेळेवरून अंतर निघतं. हे साधारण दर सेकंदाला चालू असतं, त्यामुळे अंतर किती झपाट्याने कमी होतंय तेही कळतं.

कॉकपिटच्या पडद्यावर दुसरं विमान आधी एक पोकळ चौकोनी खूण म्हणून दिसतं. शेजारी ‘+०४’ असा आकडा असला तर ते आपल्यापेक्षा ४०० फूट वर आहे, आणि बाजूचा बाण खाली वळलेला असला तर ते खाली येतंय. धोका वाटू लागला की खूण पिवळा गोल होते आणि आवाज येतो, ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’. ही फक्त सावध राहण्याची सूचना. पुढची पायरी म्हणजे लाल चौकोन आणि ‘क्लाइम्ब, क्लाइम्ब’ किंवा ‘डिसेंड, डिसेंड’. हा मात्र हुकूम. चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या पट्टीवर काही भाग लाल होतो, काही हिरवा. बहुतेक विमानांत वैमानिकाने ऑटोपायलट काढून काटा हिरव्यात आणायचा, तेही पाच सेकंदांच्या आत. हुकूम नेहमी वर किंवा खाली एवढाच असतो, डावी-उजवी कधीच नाही, कारण दुसऱ्या विमानाची नेमकी दिशा टीकॅसच्या अँटेनाला तेवढी अचूक कळत नाही. उंची मात्र दुसरं विमान स्वतःच सांगत असतं.

आता धोका ठरवायचा कसा? या यंत्रणेतला मला सर्वांत आवडणारा भाग इथे आहे. टीकॅस मुळात अंतराकडे बघत नाही, वेळेकडे बघते. अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागलं की धडकेला किती सेकंद उरले ते कळतं. उसाच्या हंगामात निपाणीच्या रस्त्याने गाडी चालवणाऱ्याला हे न शिकवता समजतं. पुढे तीस मीटरवर उसाची ट्रॉली त्याच वेगाने जात असेल तर भीती नसते, पण समोरून येणारी गाडी तीनशे मीटरवर असतानाच ओव्हरटेक सोडून द्यावा लागतो. दोन विमानं समोरासमोर प्रत्येकी २५० नॉट (ताशी २५० सागरी मैल) वेगाने येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला सुमारे २५७ मीटरने घटतं. २५ सेकंद हवे असतील तर ६ किलोमीटरहून जास्त अंतर असतानाच हुकूम सुटला पाहिजे.

पण नुसत्या भागाकारात एक खड्डा आहे, आणि विमानतळाजवळ नेमकं त्यातच पडायला होतं. उतरण्याच्या रांगेत मागचं विमान पुढच्यापेक्षा जेमतेम १० नॉट वेगवान असतं, म्हणजे सेकंदाला फक्त ५ मीटर. अंतर ४०० मीटर उरलं तरी भागाकार सांगेल, अजून ८० सेकंद आहेत, निवांत राहा. तेवढ्यात पुढचं विमान किंचित वळलं तर सगळं संपलं. म्हणून या भागाकारात एक दुरुस्ती केलेली असते. आधी एक किमान अंतर ठरवतात; जमिनीजवळच्या टप्प्यात ते ०.२ सागरी मैल, म्हणजे ३७० मीटर. अंतराच्या वर्गातून या ३७०चा वर्ग वजा करायचा, आणि उरलेल्या आकड्याला अंतर गुणिले जवळ येण्याचा वेग याने भागायचं. विमानं १ किलोमीटरवर असताना साधा भागाकार २०० सेकंद देतो आणि दुरुस्त केलेला १७३, फारसा फरक नाही. ४०० मीटरवर मात्र १,६०,००० वजा १,३६,९०० म्हणजे २३,१००; त्याला २,००० ने भागलं की साडेअकरा सेकंद. ८० चे साडेअकरा झाले! या टप्प्यातली हुकुमाची मर्यादा १५ सेकंदांची आहे, म्हणजे ती ओलांडली गेली. उंचीचा हिशेब असाच स्वतंत्रपणे चालतो आणि आडवा-उभा दोन्ही धोके एकदम जुळले तरच हुकूम सुटतो. दूर असताना जवळपास काहीच न बदलणारं आणि जवळ येताच कडक होणारं हे सूत्र मला कुठल्याही नव्या ‘एआय’च्या जाहिरातीपेक्षा मोलाचं वाटतं, कारण ते का चालतं हे कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही तपासता येतं.

ही १५ सेकंदांची मर्यादा सगळीकडे नसते. २०,००० फुटांवर ती ३५ सेकंद आहे. खाली येताना ती टप्प्याटप्प्याने घटते, नाहीतर विमानतळाभोवती, जिथे विमानं मुद्दाम जवळ आणलेली असतात, टीकॅस सतत ओरडत राहील.

त्याहून खाली टीकॅस स्वतःच आपले अधिकार सोडत जाते. जमिनीपासून सुमारे १,५५० फुटांखाली ती ‘अजून वेगाने खाली जा’ म्हणत नाही. १,१०० फुटांखाली ‘खाली जा’ हा हुकूमच बंद, १,००० फुटांखाली सगळे हुकूम बंद, फक्त ‘ट्रॅफिक’ची सूचना उरते. ५०० फुटांखाली आवाजही नाही. चढताना आणि उतरताना हे आकडे शंभर फूट पुढेमागे होतात. खाली जमीन असताना ‘खाली जा’ सांगणं म्हणजे एका धडकेतून काढून दुसरीत घालणं, हे यंत्रणा घडवणाऱ्यांनी आधीच धरलेलं आहे.

इथे आपल्या सांबऱ्याचं, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचं उदाहरण चांगलं आहे. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. विमान धावपट्टीच्या १,००० फूट वर असताना हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक ३,५०० च्या आसपास दाखवतो. टीकॅसने त्यावर भरवसा ठेवला तर मुंबईत बरोबर चालेल आणि बेळगावात उतरेपर्यंत तिला वाटेल, जमीन अजून खूप खाली आहे. म्हणून या टप्प्यांसाठी ती रेडिओ अल्टिमीटर वापरते. तो खालच्या भाताच्या शेतांवर रेडिओलहरी सोडून परत आलेली लहर मोजतो. याच मापावरून ती जमिनीवर उभी असलेली विमानंही वगळते. दुसरं विमान जमिनीपासून साडेतीनशे-पावणेचारशे फुटांच्या आत आहे असं निघालं की ते जमिनीवरच धरलं जातं.

सांबऱ्यावर मोठ्या विमानांबरोबर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानंही उडतात. छोट्या विमानात ट्रान्सपाँडर असला तरी टीकॅस सहसा नसते, त्यामुळे टक्कर टाळण्याचं सगळं काम मोठ्या विमानाने करायचं. दोघांकडेही टीकॅस असेल तर यंत्रं आपसात बोलून ठरवतात, एकाने वर जायचं, दुसऱ्याने खाली. दोघांनी एकाच वेळी एकच दिशा निवडली तर प्रत्येक विमानाला दिलेला कायमचा क्रमांक बघून तिढा सुटतो. ज्याचा क्रमांक मोठा, तो आपली दिशा उलटी करतो.

म्हणूनच वैमानिकाने स्वतःचं डोकं चालवून उलट दिशा धरली तर सगळा हिशेब मोडतो. १ जुलै २००२ रोजी जर्मनीत युबरलिंगेनजवळ हेच झालं. टीकॅसने रशियन तुपोलेव्ह प्रवासी विमानाला ‘वर चढा’ सांगितलं, जमिनीवरच्या नियंत्रकाने ‘खाली या’ सांगितलं. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. दुसरं विमान, मालवाहू बोइंग ७५७, टीकॅसच्या हुकुमाप्रमाणे खालीच येत होतं. ७१ माणसं गेली. आता नियम स्पष्ट आहे: टीकॅसचा हुकूम आला की नियंत्रकाची सूचना मागे पडते. वैमानिक रेडिओवर फक्त ‘टीकॅस आरए’ (म्हणजे टीकॅसचा हुकूम आलाय) म्हणतो आणि नियंत्रकाने त्या विमानाला उंचीविषयी काहीही सांगायचं नाही.

आपल्या देशात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर दिल्लीला उतरण्यासाठी येणारं कझाक विमान १५,००० फुटांवर थांबायचं ते त्याखाली आलं आणि दिल्लीहून निघालेल्या सौदी जंबोवर आदळलं. ३४९ जण गेले. त्यानंतर भारतात ही यंत्रणा सक्तीची झाली. ‘दैव बलवत्तर’ म्हणणाऱ्यांनी त्या ३४९ जणांचं दैव दुबळं होतं असं म्हणून दाखवावं. जे आज वाचतात ते त्या दिवसानंतर केलेल्या कामामुळे वाचतात.

उतरताना हुकूम पाळणं सर्वांत अवघड असतं. चाकं बाहेर आलेली, फ्लॅप पसरलेले, वेग कमी, धावपट्टी समोर दिसतेय, आणि यंत्र म्हणतं वर चढा. इंजिनांची ताकद वाढवायची, नाक उचलायचं, उतरणं सोडून द्यायचं. हुकुमापेक्षा वरचढ फक्त काही इशारे आहेत: विमान हवेतली पकड सोडण्याच्या बेतात असल्याचा, जमीन जवळ आल्याचा आणि वाऱ्याचा झोत अचानक बदलल्याचा. ते वाजत नसतील तर चढायचंच. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ऐकू आलं की वैमानिक टॉवरला कळवतो आणि विमान फेरी मारून पुन्हा रांगेत येतं. आत बसलेल्यांना फक्त सीटला पाठ दाबल्यासारखं वाटतं आणि उतरायला थोडा उशीर होतो. उतरल्यावर वैमानिक लेखी अहवाल देतो, आणि हुकुमानंतर काटा किती सेकंदांत हिरव्यात आला हे विमानातल्या नोंदींवरून तपासलं जातं.