राउटर टेबलवर खाच रुंद येते: बिट आउट फिरतंय (मधोमध न फिरता डोलतंय) की पट्टी सरकतेय?

राउटर टेबल म्हणजे खालून वर आलेल्या फिरत्या बिटने लाकूड कापणारं मशीन. त्यावर लाकडी पट्टीत 6 मिमीच्या सरळ बिटने मारलेली खाच व्हर्निअरवर 6.2 ते 6.4 भरते आणि सांध्याची जीभ तिच्यात खुळखुळते. मग लोक फेन्स (पट्टी जिला टेकवून सरकवतात तो उभा आधार) टेबलातल्या मायटरच्या खाचेला, म्हणजे मायटर गेज ज्यात सरकतो त्या खोबणीला, समांतर करत बसतात. पट्टी फेन्सला लावूनच चालवायची असेल तर याची गरज नाही. बिट गोल आहे, त्याला फेन्सची दिशा कळत नाही. मायटर गेज (पट्टी कोनात धरून ढकलायचा सरकता आधार) वापरताना मात्र समांतर हवाच.

आधी बिट मोजा. 6 समजून घेतलेलं बिट पाव इंची, म्हणजे 6.35 निघू शकतं. ते बरोबर असेल तर एमडीएफच्या तुकड्यात खाच मारून दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. मग काहीही न हलवता तोच तुकडा पुन्हा चालवा. बिट आउट असेल तर रुंदी सगळीकडे सारखीच जास्त असते आणि दुसऱ्या फेरीत भुसा जवळपास पडत नाही. पट्टी सरकत असेल तर रुंदी जागोजागी बदलते, आणि दुसरी फेरी कुठेतरी नव्याने कापते.

बिट आउट असेल तर प्लग काढून कोलेट (बिटची दांडी पकडणारी चिमटी) उघडा, आतला डिंक-भुसा ब्रशने साफ करा. बिट तळाला टेकवून 2-3 मिमी वर घ्या, मगच नट आवळा. 6 मिमीची दांडी 6.35 च्या कोलेटमध्ये कितीही आवळली तरी नीट धरत नाही. चालत्या मशीनवर ती सुटणं धोक्याचं. तरीही शंका असेल तर कोलेटमध्ये सरळ ग्राइंड केलेली पिन धरून हाताने फिरवा आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्यांकडे तो मिळेल. काटा 0.2 मिमी हलला तर खाचही साधारण तेवढीच रुंद येणार. कोलेट बदलूनही काटा तसाच हलला तर राउटरचं बेअरिंग बघा.

सरकणाऱ्या पट्टीत दोष बहुधा फेन्सच्या बुडाशी साचलेल्या भुशाचा किंवा ढिल्या क्लॅम्पचा. उजवीकडून डावीकडे ढकललं की बिट पट्टीला फेन्सकडे ओढतं. उलट ढकललं की बाहेर फेकतं. खाच मुद्दाम रुंद करायला फेन्स स्वतःपासून लांब न्या, जवळ आणू नका. आणि सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेली सागाची पट्टी एका बाजूने सुकून धनुष्यासारखी वाकते, मग फेन्सला फक्त टोकं टेकतात. अशा पट्टीला आधी रंधा मारावा लागतो, फेदरबोर्डने (पट्टी फेन्सला दाबून धरणाऱ्या दातेरी फळीने) ती सरळ होत नाही.