जॅझमध्ये मनाला येईल ते वाजवत नाहीत

जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणं, हा समज कित्येक वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. सोलो, म्हणजे एकाचं उत्स्फूर्त वादन, चालू असतानाही सगळा बँड एकाच आवर्तनात बांधलेला असतो. या आवर्तनालाच कोरस म्हणतात. समूहगानाशी त्याचा संबंध नाही.

बारा बारचा ब्लूज हा रचनाप्रकार घ्या. बार ४ मात्रांचा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. सी पट्टीत, आपल्या पांढरी एकमध्ये, कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, साधी मांडणी अशी: ४ बार सी, २ एफ, २ सी, मग जी आणि एफ एकेक, शेवटी २ सी. आधी हेड, म्हणजे मूळ धून. मग याच चौकटीवर सोलो. अखेरीस पुन्हा हेड.

नवखे चुकतात ते ३२ बारच्या अ-अ-ब-अ रचनेत. इथे ‘अ’ आणि ‘ब’ हे धुनेचे आठ-आठ बारचे भाग. शेवटच्या ‘अ’ला लागून पुढच्या कोरसचे दोन ‘अ’ येतात, म्हणजे सलग तीन. मोजणी सुटली की वादक ‘ब’वर आठ बार आधीच उडी मारतो आणि त्याचे सूर पियानोच्या कॉर्डशी भांडू लागतात.

१९४० च्या दशकात बीबॉप या जॅझशैलीने कॉर्ड दाट केले. १९५९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ‘सो व्हॉट’ या रचनेत सगळं दोन मोडवर, म्हणजे थाटासारख्या दोन स्वरपंक्तींवर आणलं. बार मात्र ३२च.